न्याहारीचा कोपरा: आधी बसून बघा, मग बांधा

आमच्या घरातला न्याहारीचा पहिला कोपरा फोटोत फार छान दिसायचा. खिडकीखाली बाक, त्यावर जाड गादी, पाचसहा उशा, वर लोंबता दिवा. पाहुणे आले की आधी त्याचं कौतुक करायचे आणि मग सोफ्यावर जाऊन बसायचे. हळूहळू आम्हीही तेच करायला लागलो. सहा महिन्यांत त्या बाकावर माणसांऐवजी घडी घालायचे कपडे बसू लागले.

कारण शोधायला वेळ लागला, पण निघालं अगदी साधं. आतल्या माणसाला बाहेर यायचं तर दोघांना उठावं लागे. बाक इतका खोल की पाठ टेकली की ताट लांब जाई. गादी इतकी जाड की बसल्यावर पाय लोंबकळत. सजावटीत काही चुकलं नव्हतं, उठबस चुकली होती. तो कोपरा मोडून पुन्हा बांधला तेव्हा जे कळलं, ते कामाच्या क्रमाने इथे लिहितो आहे. रंग आणि शोभेच्या वस्तूंबद्दल फारसं सांगणार नाही. ते नंतर कधीही बदलता येतं, पण चुकीच्या उंचीचा बाक बदलायला सुतारच लागतो.

आधी दिवस मोजा, मग भिंत

नाव न्याहारीचं असलं तरी तिथे न्याहारी जेमतेम अर्धा तास चालते. उरलेला दिवस त्या टेबलावर दुसरंच काही ना काही असतं: लॅपटॉप, मुलांचा अभ्यास, हिशेबाचे कागद, शिवणकाम, रात्री पत्ते. म्हणून मोजपट्टी हातात घेण्याआधी एक आठवडा नुसतं टिपून ठेवा: कोण बसतं, केव्हा, किती वेळ आणि हातात काय घेऊन. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नेमका तोच उपयोगाचा असतो. हातात लॅपटॉप असेल तर सॉकेट हवं, वह्या-रंगपेट्या असतील तर हाताच्या अंतरावर खण हवा, शिवणयंत्र असेल तर टेबल डगमगता कामा नये.

यादी लांबली तर छाटा. एका कोपऱ्यात न्याहारी धरून तीन कामं नीट बसतात. पूर्णवेळ कार्यालय मात्र तिथे मांडू नका. बाकावर तास-दोन तास काम होतं, पण आठ तास बसायला उंची आणि पाठ जुळवता येणारी खुर्चीच हवी.

निवडलेल्या कामांना मी एकच कसोटी लावतो: एक काम आवरून दुसरं मांडायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. अभ्यासाचा पसारा उचलायला दहा मिनिटं लागणार असतील तर न्याहारी सोफ्यावरच होणार, कोपरा कितीही देखणा असो. म्हणून प्रत्येक कामाला एक ट्रे किंवा उथळ पेटी द्यायची आणि त्या पेटीची जागा बाकाजवळच ठरवायची. पेटी आली की काम सुरू, पेटी गेली की टेबल मोकळं.

जागा निवडताना

स्वयंपाकघरापासून पाचसहा पावलांच्या आतली जागा शोधा. गरम भांडं घेऊन त्याहून जास्त चालायचा कंटाळा येतो आणि वाटेत सांडतंही. दाराची झडप, फ्रिजचं दार, ओट्याखालचे ड्रॉवर हे सगळं एकदा पूर्ण उघडून बघा. कोपऱ्याला धडकणारी वस्तू नेमकी बंद दाराआड लपलेली असते.

खिडकी असेल तर उत्तमच. सकाळचं ऊन हवं असेल तर खिडकी पूर्वेची हवी हे सगळे सांगतात. त्या वेळी सूर्य खाली असतो आणि ऊन थेट डोळ्यांत जातं, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून बसण्यापेक्षा ती डाव्या-उजव्या हाताला येईल अशी बैठक बरी. लॅपटॉपलाही तेच सोयीचं. खिडकी पाठीशी आली तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर चकाकी येते, समोर आली तर डोळे दिपतात.

घरात लहान मुलं असतील तर खिडकीखालच्या बाकाबद्दल एक गोष्ट जरा दरडावूनच सांगतो. बाक म्हणजे मुलांसाठी खिडकीपर्यंतची पायरी. बाकाचं काम सुरू होण्याआधी खिडकीला गज किंवा मर्यादेपलीकडे न उघडणारी कडी बसवून घ्या. पडद्याला लोंबणाऱ्या दोरीचा फास नको, बिनदोरीचा पडदा लावा.

बाहेरच्या भिंतीला ओल येते का, हेही पाहून ठेवा. बंद पेटीचा बाक अशा भिंतीला चिकटवला तर आत कुबट वास आणि बुरशी धरते. मागे दोनेक सेंटिमीटरची फट आणि पेटीला हवेची भोकं ठेवली की बहुतेक त्रास टळतो. भिंत ओलीच असेल तर आधी तिचा बंदोबस्त करायचा.

जमिनीवर कोपरा आखा

आता मापं. खालचे आकडे साधारण प्रौढ माणसांचे आहेत. घरात कोणी फार उंच किंवा बुटकं असेल तर दोनतीन सेंटिमीटर इकडेतिकडे करा.

बसल्यावर, म्हणजे गादी दबल्यानंतर, बैठकीची उंची जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. टेबलाचा वरचा पृष्ठभाग ७३ ते ७६. दोन्हींतला फरक २८ ते ३० असला की हात सरळ टेबलावर येतात आणि मांड्याही अडकत नाहीत. स्वतंत्र उंचीपेक्षा हा फरक जपा. बैठकीची खोली ४५ ते ५० पुरते. पाठीची जाडी आणि उतार धरून बाक भिंतीपासून साधारण ५५ सेंटिमीटर पुढे येतो. माणशी रुंदी ६० धरा, ओढूनताणून ५५. टेबलाची कड बाकाच्या कडेवर ५ ते १० सेंटिमीटर आत यायला हवी, नाहीतर खाताना सगळे पुढे वाकून बसतात.

या आकड्यांवरून जागेचा हिशेब सोपा आहे. समोरासमोर दोन बाक आणि मध्ये ७० सेंटिमीटर रुंद टेबल असेल तर ५५ अधिक ५५ अधिक ७०, त्यातून दोन्ही बाजूंची ८-८ सेंटिमीटर वजा: झाले १६४. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत साधारण १६५ सेंटिमीटर मिळाले की समोरासमोरचा कोपरा बसतो. एका बाजूला बाक आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्या असतील तर टेबलाची कड भिंतीपासून ११७ वर येते. तिच्यापुढे खुर्ची ओढून उठायला निदान ७५ हवेत. खुर्चीमागून येण्याजाण्याचा रस्ता असेल तर ११० तरी सोडा.

हे कागदावर पटतं, पण अंगाला पटतंच असं नाही. म्हणून रंगकामाची चिकटपट्टी आणून जमिनीवर पूर्ण आराखडा चिकटवा. टेबलाच्या जागी पुठ्ठा कापून दोन स्टुलांवर ठेवा, बाकाच्या जागी पेट्या किंवा खुर्च्या मांडा आणि निदान दोन दिवस घरातल्या सगळ्यांना तिथेच न्याहारी करू द्या. कोणी कशावर आपटतं का, आतल्याला बाहेर येताना काय करावं लागतं, ओट्याशी काम करणाऱ्याची वाट अडते का, हे नुसतं पाहा. माझ्या दुसऱ्या कोपऱ्यात या दोन दिवसांत टेबल १० सेंटिमीटर लहान झालं आणि एक खुर्ची रद्द झाली. पुठ्ठ्यावर झालेली ही दुरुस्ती फुकटात पडली.

काटकोनी बाकाचं फसवं गणित

दोन भिंतींना लागून काटकोनात बाक करायचा असेल तर इथे जरा थांबा, कारण फसगत बहुतेक इथेच होते. समजा एक भुजा १८० सेंटिमीटरची आणि दुसरी १५०. बेरीज ३३०, माणशी ६०, म्हणजे पाच जण आरामात बसतील असं वाटतं. प्रत्यक्षात बसतात तीन.

कारण कोपऱ्यातला ५५ बाय ५५ चा चौकोन खऱ्या अर्थाने बसायची जागा नसते. तिथे कोणी बसलं की त्याचे गुडघे दोन्ही शेजाऱ्यांच्या गुडघ्यांशी भांडतात. तो चौकोन वजा केला की एका भुजेवर १२५ उरतात, म्हणजे दोन माणसं. दुसरीवर ९५, म्हणजे एक मोठं माणूस, फार तर दोन लहान मुलं. घरात रोज चार जण बसणार असतील तर मोकळ्या बाजूला खुर्ची लागणारच. आणि ती असावीच, त्याचं कारण पुढे येईल.

त्या मेल्या चौकोनाचं काय करायचं? वाचताना तो पाय पसरून टेकायला छान आहे. मांजर असेल तर ते पहिल्याच दिवशी ताबा घेतं. त्याच्या खालची पेटी मात्र समोरून उघडता येत नाही. तिला वरून झाकण द्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू तिथे टाका.

बाक: टाचेला जागा हवी

खुर्चीवरून उठताना आपण काय करतो ते एकदा पाहा. पाय मागे, गुडघ्यांच्या खाली ओढतो, अंग पुढे झुकवतो आणि मग उठतो. बाकाची पुढची फळी सरळ जमिनीपर्यंत उतरली असेल तर टाच मागे जाऊच शकत नाही. मग माणूस टेबलाला धरून स्वतःला ओढून उभं करतं आणि टेबल हलतं. आमच्या पहिल्या बाकाचा हाच दोष होता आणि कितीतरी तयार बाकांतही तो दिसतो.

उपाय दोन आहेत. तळाशी १० सेंटिमीटर उंच आणि ८ ते १० सेंटिमीटर खोल खाच ठेवायची, ओट्याखालच्या कपाटांना असते तशी. नाहीतर पुढची फळी वरून खाली येताना थोडी आत झुकवायची. झुकवलेली फळी जास्त आरामाची, खाच करायला सोपी. सुताराला हे आधीच चित्र काढून दाखवा. खाच नसलेला बाक एकदा तयार झाला की नंतर ती पाडणं म्हणजे नवा बाक करण्यासारखंच.

पाठ टेकायला नुसती भिंत देऊ नका. सरळ उभ्या भिंतीला वीस मिनिटांच्या वर कोणी टेकत नाही. ५ ते १० अंश मागे झुकलेली पाठ, बैठकीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर उंच, एवढं पुरे. जागा फारच तंग असेल तर भिंतीवर कमरेच्या उंचीला गादीची पट्टी लावा.

पेटीसाठी १८ मिलिमीटर प्लायवुड घ्या. स्वयंपाकघर जवळ असल्याने पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचं. दर ५० ते ६० सेंटिमीटरला आत उभी फळी द्या, नाहीतर वरची फळी मध्ये दबते आणि बसताना करकरते. भिंतीला आधी आडवी पट्टी ठोकून तिच्यावर वरची फळी टेकवली की बाक हलत नाही. जमीन सपाट आणि भिंती काटकोनात आहेत असं कधीही गृहीत धरू नका. एका भिंतीवर ६० सेंटिमीटरवर आणि दुसरीवर ८० वर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० भरलं तर कोपरा काटकोनी. जास्त भरलं तर कोपरा उघडा आहे, कमी भरलं तर मिटलेला, आणि फळ्या त्याप्रमाणे कापाव्या लागतील.

वयस्कर माणसांसाठी बाक अवघड असतो. बाकावर सरकत आत जाणं गुडघ्यांना आणि कमरेला जड जातं. त्यांच्यासाठी मोकळ्या बाजूला हात असलेली पक्की खुर्ची ठेवा. मघाशी खुर्ची असावीच म्हटलं ते यासाठी. कोपरा देखणा दिसावा म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आतल्या जागेत कोंबण्यात अर्थ नाही.

टेबल

बाकाजवळचं टेबल चार कोपऱ्यांत चार पायांचं नको. सरकत आत जाताना प्रत्येक पाय आडवा येतो. मधोमध एक खांब असलेलं टेबल इथे खरं कामाचं. १९५७ मध्ये वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांचं एका खांबावरचं प्रसिद्ध टेबल बाजारात आलं. टेबल-खुर्च्यांखालचं पायांचं जंगल साफ करायचं हाच त्यांचा हेतू होता. न्याहारीच्या कोपऱ्यात ते जंगल सगळ्यात जास्त बोचतं.

एका खांबाचा धोका म्हणजे कलणं. खालची बैठक वरच्या फळीच्या दोन तृतीयांश ते पाऊण रुंदीची आणि चांगली जड असू द्या. विकत घेताना फळीच्या कडेवर दोन्ही हातांनी भार देऊन बघा. दुकानदाराला आवडत नाही, पण बघाच. लांबट टेबलाला एका खांबाऐवजी दोन द्या.

आकाराचं म्हणाल तर, दोघांना ७५ सेंटिमीटर व्यासाचं गोल टेबल पुरतं, चौघांना ९० ते १०० हवं. गोल टेबल सरकून आत जायला सोपं, पण सरळ बाकाशी त्याचं जमत नाही. टोकाला बसलेल्याच्या पुढची टेबलाची कड लांब जाते. काटकोनी बाकाला गोलसर कोपऱ्यांचं आयताकृती टेबल जास्त जुळतं. टेबल बाकापेक्षा टोकाला १५ ते २० सेंटिमीटर आखूड ठेवलं तर आत शिरायला वाट मिळते.

पृष्ठभाग मंद चकाकीचा निवडा. लखलखीत फळीवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, वाचताना त्रास होतो. काच मला इथे अजिबात पटत नाही: हाताला गार, कप ठेवला की आवाज, आणि दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसा. लाकूड असेल तर खालच्या बाजूलाही पॉलिश करून घ्या. एकाच बाजूला पॉलिश असेल तर फळी दमट हवेत वाकण्याची शक्यता वाढते.

गादी: मऊ नको, घट्ट हवी

फोमच्या दुकानात दोन गोष्टींचा घोळ होतो. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. ते ३२ ते ४० किलो असेल तर गादी वर्षानुवर्षं टिकते. कडकपणा वेगळा. घन फोमही मऊ असू शकतो. आपल्याला दोन्ही हवं: घन आणि घट्ट. जाडी ७ ते ८ सेंटिमीटर. बसून बघा. खालची फळी जाणवत असेल तर फोम पातळ, माणूस खचत असेल तर फोम मऊ.

उंचीचा हिशेब इथे पुरा होतो. ८ सेंटिमीटरची घट्ट गादी बसल्यावर दोनेक सेंटिमीटर दबते, म्हणजे ६ उरते. बैठक ४५ वर हवी, तर लाकडी बाक वरच्या फळीसकट ३९ चा. आमच्या पहिल्या वेळी सुताराने लाकूडच ४५ चं केलं आणि वर गादी आली. पाय लोंबकळायचे. चूक त्याची नव्हती, मी आकडा देताना गादी सांगितलीच नव्हती.

अभ्रा चेनचा, काढून धुता येणारा. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि परत फोमवर चढत नाही. फर्निचरच्या कापडाला घासण्याची एक चाचणी असते, मार्टिनडेल नावाची. लेबलवर २५,००० किंवा जास्त आकडा असेल तर घरच्या रोजच्या वापराला ते कापड पुरेसं टिकाऊ. पांढरं कापड फोटोतच राहू द्या. मध्यम गडद आणि बारीक नक्षीचं कापड डाग पचवतं. गादीखाली रबरी जाळी अंथरली की ती सरकत नाही.

गाद्यांचे तुकडे करताना सांधा बसणाऱ्याच्या मधोमध येणार नाही एवढं बघा. आणि बाकाला वरून झाकणं असतील तर जिथे झाकण संपतं तिथेच गादीचा तुकडाही संपला पाहिजे. नाहीतर एक झाकण उघडायला अख्खा बाक रिकामा करावा लागतो.

बाकाखालची साठवण

बाकाखाली वस्तू ठेवायला मिळणार म्हणून लोक हा कोपरा बांधतात आणि मग ती जागा वापरतच नाहीत, कारण पोचता येत नाही. समोरून ड्रॉवर काढायला गेलं तर टेबलाचा खांब किंवा बसलेल्याचे पाय आडवे. वरून झाकण उघडायचं तर माणसं उठवा, गाद्या काढा.

सगळ्यात उपयोगी म्हणजे बाकाच्या मोकळ्या टोकाला, आडवा ओढता येणारा ड्रॉवर. पूर्ण बाहेर येणारे चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्या, लावा. मघाशी म्हटलेल्या कामाच्या पेट्या, रुमाल, चमचे, चार्जर असं रोज लागणारं इथे. झाकणाखाली कधीतरी लागणारं. झाकणाला सावकाश मिटणारा आधार लावा आणि बोटं घालायला खाच ठेवा. मुलांची बोटं चेमटण्याची ही ठरलेली जागा आहे.

डोक्यावर शेल्फ हवं असेल तर ते उथळ, १२ ते १५ सेंटिमीटरचं, आणि जमिनीपासून निदान १५० वर. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण १३५ पर्यंत येतं आणि उठताना कोणी वर बघत नाही. जड भांडी तिथे ठेवू नका.

वीज आणि दिवे

वायरिंगचं काम बाक बसण्याआधी उरकायला हवं. भिंतीवर आधीपासून असलेला स्विचबोर्ड बाकामागे गाडला जाणार नाही ना, हे सगळ्यात आधी पाहा. चार्जिंगचे सॉकेट टेबलाच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर वर, भिंतीवर किंवा बाकाच्या टोकाला द्या. वायर येण्याजाण्याच्या वाटेवरून जाता कामा नये. आणि चार्जर बंद पेटीत ठेवून चार्ज करू नका. तो तापतो आणि उष्णतेला वाट मिळत नाही.

लोंबता दिवा टेबलापासून ७० ते ८५ सेंटिमीटर वर असावा. खाली आला तर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, वर गेला तर बल्ब डोळ्यांत येतो. दिवा टेबलाच्या मध्यावर हवा, खोलीच्या मध्यावर नव्हे. ऐकायला हे बावळट वाटतं, पण छतावरचा पॉइंट खोलीच्या मध्यावर असतो आणि दिवा तिथेच लटकतो. छत फोडायचं नसेल तर वायर जास्त लांब घेऊन छताच्या हुकावरून हव्या त्या जागी आणा. टेबल वारंवार सरकवणार असाल तर लोंबता दिवा नकोच, टेबल हटलं की तो कपाळाला लागतो. भिंतीवरचा, मान फिरवता येणारा दिवा लावा.

रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. संध्याकाळी बसायला तोच बरा. वाचन-लेखनासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो, आणि तेवढा एका शोभेच्या दिव्याने सहसा मिळत नाही. म्हणून दोन स्वतंत्र स्विच ठेवा: एक गप्पांचा, एक कामाचा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, लावणार असाल तर बल्बच्या खोक्यावर तो डिमरवर चालतो असं लिहिलेलं पाहा, नाहीतर फडफडतो.

कोणतं काम कशानंतर

क्रम असा ठेवा: खिडकी आणि ओल, मग वीज, मग भिंतीची डागडुजी आणि रंग, मग बाक, मग गादी, आणि टेबल शेवटी. भिंतीला धुता येणारा रंग द्या, निदान बैठकीपासून मीटरभर उंचीपर्यंत. तेलकट डोकी आणि मुलांचे हात तिथेच लागतात.

गादीचं माप आराखड्यावरून देऊ नका. बाक उभा राहिल्यावर त्यावर जुना वर्तमानपत्राचा कागद पसरून कडेने कापा आणि तो नमुना शिवणाऱ्याला द्या. टेबलही गादी आल्यावरच मागवा. गादीवर बसून, कोपर काटकोनात ठेवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. टेबल त्या उंचीच्या आसपास किंवा जरा वर असलं म्हणजे झालं. लोक आधी आवडलेलं टेबल विकत आणतात आणि मग बाक त्याच्या मापाने घडवतात. तेही चालतं, पण मग प्रत्येक आकडा टेबलापासून उलटा मोजत यायला हवा.

भिंतीला भोक पाडता येत नसेल तर

भाड्याच्या घरात हे सगळं सुट्या वस्तूंनी जमतं. ३८ ते ४० सेंटिमीटर उंचीची बुटकी कपाटं किंवा खोकी शेजारी शेजारी ठेवून आतून एकमेकांना बोल्टने जोडा. पण ती माणसाचं वजन पेलण्यासाठी केलेली आहेत ना, हे आधी तपासा. पुस्तकांसाठी केलेलं पातळ फळीचं कपाट बसायला चालत नाही. दोघांपुरतं करायचं असेल तर खिडकीशी घडीचं टेबल आणि दोन स्टूल एवढ्यावरही भागतं. भिंतीला टांगायचं घडीचं टेबल घेतलंत तर त्याच्या बिजागरीच्या आधाराला किती किलो झेपतात ते पाहा आणि त्यावर शिवणयंत्र ठेवण्याचा मोह टाळा. अशा सुट्या कोपऱ्याला मी दुय्यम मानत नाही. चुकलेलं माप त्यात अर्ध्या तासात सुधारता येतं.

पहिले तीन आठवडे

सगळं बसलं की उशांचा ढीग करण्याचा मोह होतो. माणशी एक उशी ठेवा. जास्त झाल्या की बसण्याआधी त्या कुठे ठेवायच्या हाच प्रश्न. झाड हवं तर टेबलावर नको, खिडकीच्या कट्ट्यावर.

टेबलाचा खांब जमिनीला स्क्रूने पक्का करायचा असेल तर लगेच करू नका. तीन आठवडे तो मोकळा राहू द्या आणि घरच्यांना हवं तसं सरकवू द्या. रोज संध्याकाळी तो कुठे येऊन थांबतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा. आमच्या आराखड्यापासून टेबल चार सेंटिमीटर बाहेर आणि थोडं डावीकडे सरकलं. का, ते मला अजूनही आकड्यांत सांगता येत नाही. मिस्त्रीला बोलावून स्क्रू त्या खडूच्या खुणेवरच मारून घेतले.